ब्रेकच्या कारखान्यातलं इंजिन

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला अर्धी गोष्ट येते, आणि उरलेली अर्धी तो घरी जाऊन स्वतःच्या मनाने रचतो, हा माझा जुना अनुभव आहे. आज एका सायकलची गोष्ट सांगतो. तिच्यात देव नाही की दैत्य नाही. एक इंजिन आहे आणि ते निवडायला बसलेली शहाणी माणसं आहेत. चार शहाणी माणसं एका जागी बसली की देवसुद्धा जरा बाजूला सरकतो आणि म्हणतो, बघू या, काय करतात ते.

तर एक होता तपासनीस. ब्रेकच्या कारखान्यात कामाला. ट्रकच्या नि बसच्या ब्रेकला जे अस्तर लागतं, ते भट्टीतून भाजून निघालं की याच्या टेबलावर यायचं. हा ते हातात घ्यायचा, नखाने ठोकून आवाज ऐकायचा, जाडी मोजायचा, उजेडाकडे धरून तडा शोधायचा. आणि मग एक तर खडूने बरोबरची खूण करायचा, नाही तर लाल पेटीत टाकायचा. बावीस वर्षं हेच. किती वाहनं याच्या खडूच्या भरवशावर घाट उतरत होती, देव जाणे. माणूस सरळ. बोलणं कमी, मान डोलावणं जास्त. कोणीही सल्ला दिला की याची मान हललीच म्हणून समजा.

घरात माणसं चार. हा, याची बायको, सासूबाई आणि अकरा वर्षांची लेक. लेकीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी ठरतच नसे. सात महिन्यांपूर्वी ही भिंगरी जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येताना पडली आणि मांडीचं हाड मोडून बसली. दोन ऑपरेशनं झाली, आत सळई बसली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की येते तीन महिने हिला सकाळ-संध्याकाळ चालवायचं. धरणारं माणूस दणकट हवं, कारण पाय दगा देईल तेव्हा पोरीचा सगळा भार त्याच्या हातावर येणार. या तीन महिन्यांत पाय जेवढा मोकळा होईल तेवढाच, पुढे जन्मभर तोच.

आता दणकट माणूस घरात एकच. बायको दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असे. सासूबाईंचे गुडघे स्वतःलाच धरून चालत. म्हणून सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी पाचला, घरासमोरच्या लांब व्हरांड्यात, तपासनीस लेकीच्या दोन्ही काखांत हात घालून उलटा चालायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत सुलटी.

पहिली पाळी साडेसात ते चार होती म्हणून हे जमत होतं. पण कारखाना घरापासून अकरा किलोमीटर, मध्ये एक टेकडी. कारखान्याची बस होती, ती 'पुनर्विचारासाठी' बंद झाली आणि तो पुनर्विचार अजून चालूच होता. मोटारसायकलचा परवाना काढायला हा एकदा गेला होता, पण आठचा आकडा काढताना त्याचा तीनचा झाला, तेव्हापासून तो नाद सोडला. उरली लग्नातली सायकल. ती टेकडीवर हाताने ढकलावी लागे, आणि सकाळच्या फेऱ्या उरकून निघालेला माणूस टेकडी ढकलून फाटकात पोचेपर्यंत साडेसात होऊन जात. त्या तिमाहीत दोनदा उशीर लागला होता. नियम असा, की तिसरा उशीर लागला की तीन महिने दुसरी पाळी, दुपारी दोन ते रात्री दहा.

म्हणजे संध्याकाळचे पाच गेले. तेही नेमके तेच तीन महिने.

ही गोष्ट त्याने कॅन्टीनमध्ये एकदाच, ताटात बघत सांगितली. आणि श्रोतेहो, माणसं वाईट नसतात. सगळ्यांचा जीव कळवळला. भट्टीवर काम करणारा त्याचा मित्र, त्याला सगळे भट्टीवालाच म्हणत, तो ताट सारून म्हणाला, की यात रडण्यासारखं काय आहे, सायकलला इंजिन लाव. चाळीस माणसांचं कॅन्टीन, त्या दिवसापासून दुसऱ्या कशावर बोलेचना.

एक गोष्ट इथे ध्यानात ठेवा. ही चाळीस माणसं सकाळपासून चारपर्यंत ब्रेक बघायची. ब्रेक भाजायचा, घासायचा, मोजायचा, पेटीत भरायचा. त्यांना ब्रेकचा शब्दसुद्धा नकोसा झाला होता. मिठाईच्या दुकानात काम करणारा घरी जाऊन मिरची खातो, तसं यांचं इंजिनाच्या बाबतीत झालं. इंजिन म्हटलं की डोळ्यांत पाणी.

भट्टीवाल्याचं मत होतं दोन-स्ट्रोक. सायकलच्या चौकटीत बरोबर बसतं, पेट्रोलमध्ये तेल मिसळलं की झालं, आणि ओढ अशी की टेकडी मान खाली घालेल. धूर होतो, आवाज होतो, हे तो दोष म्हणून सांगतच नव्हता. आवाज झालाच पाहिजे, तो म्हणे, तू वळणावर असलास तरी फाटकावर हजेरी घेणाऱ्या टाइमकीपरला कळेल की माणूस येतोय.

दुसरा होता गेजवाला. शर्टाच्या खिशात सदैव जाडी मोजायचं गेज, चहाच्या कपाची कडसुद्धा मोजून मग पिणारा. त्याचा कौल चार-स्ट्रोकला. तेल वेगळं, पेट्रोल वेगळं, थरथर कमी. फक्त ते रुंद असतं, पॅडल मारताना गुडघा लागतो. त्यावर त्याने उपायही काढला होता, की तपासनिसाने गुडघे जरा बाहेर काढून बसावं. त्याने तपासनिसाचे गुडघे मोजलेसुद्धा.

आणि घरचा तज्ज्ञ म्हणजे मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं ज्ञान सगळं फोनवरचं, पण होतं भरपूर. तो म्हणे, भावोजी, जग कुठे गेलं आणि तुम्ही पेट्रोल काय हुंगताय. चाकात बसणारी मोटर घ्या, बॅटरी लावा, आवाज नाही, धूर नाही. त्याने तीस-चाळीस चित्रफिती दाखवल्या. त्या प्रत्येकीत एक दाढीवाला माणूस हिरव्या डोंगरावर हसत हसत चढत होता. उतरताना एकही दिसला नाही. हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही.

तपासनीस तिघांकडे बघून मान डोलवायचा. त्यामुळे तिघांनाही खात्री होती की आपलंच इंजिन ठरलंय.

मग तक्ते झाले. गेजवाल्याने ओढ, वजन, थरथर, आवाज, वास असे रकाने पाडून भिंतीला कागद लावला. लोक जेवता जेवता उठून त्यात गुण भरू लागले. ज्यांनी जन्मात सायकल चालवली नव्हती त्यांनी वासाला दहापैकी साडेसात दिले. टेकडीचा चढ किती, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी भट्टीवाला स्वतः जाऊन पाण्याची बाटली आडवी धरून चढ मोजून आला. चढ मोजला. उतार मोजायची गरज कोणाला वाटली नाही. तोच रस्ता असतो ना, पलीकडून.

एका रविवारी ही सगळी मंडळी तपासनिसाच्या घरी कागद घेऊन जमली. सासूबाई खिडकीशी भिंगरीच्या फ्रॉकला अस्तर लावत होत्या. चाळीस वर्षं त्या बाईने पायाच्या शिलाईयंत्रावर काढली होती. दोनशे मुलींना शिवण शिकवलं होतं. सगळ्यांचं बोलणं संपेपर्यंत त्यांची सुई चालूच होती. मग दोरा तोडून म्हणाल्या,

"जावईबापू, हे थांबणार कसं?"

मग मेहुणा हसला.

"आई, थांबायला काय लागतं? जायलाच लागतं. थांबतं ते आपोआप."

"यंत्र आपोआप थांबत नाही रे. आपोआप बोट जातं. मी पोरींना पहिले आठ दिवस नुसतं चाक थांबवायला शिकवायची. टाका नंतर."

गेजवाल्याने आदराने सांगितलं, की मावशी, आम्ही सगळे ब्रेकच्याच कारखान्यातले आहोत. हे ऐकून बाईंचं समाधान होईल अशी त्याची समजूत होती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तपासनिसाकडे पाहिलं. तपासनिसाने दोघांकडे बघून मान डोलावली. बाईंनी परत सुईत दोरा घातला.

शेवटी दोन-स्ट्रोक ठरलं. गुणांनी नव्हे, गुणांच्या बेरजेत वास पहिला आला होता. ठरलं ते भट्टीवाल्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता म्हणून.

शनिवारी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या आवारातच इंजिन बसवायचं काम झालं. अर्धं कॅन्टीन बघायला थांबलं. चौकटीत इंजिन बसलं, मागच्या चाकाला दुसरी साखळी लागली, वर टाकी आली. मग राहिला क्लच. त्याचा लिव्हर हँडलच्या डाव्या बाजूला लावायचा असतो. पण डाव्या बाजूला आधीच एक लिव्हर होता, मागच्या ब्रेकचा. जागा एकाचीच.

आता नीट ऐका. तिथे उभ्या असलेल्या माणसांनी मिळून ब्रेकच्या कामात तीनशे वर्षं तरी घालवली असतील. गेजवाल्याने स्क्रू फिरवून ब्रेकचा लिव्हर काढला. सवयीने फडक्याने पुसला. दोनदा दाबून त्याची हालचाल बघितली. गेज लावून जाडी मोजली. म्हणाला, "पास आहे." आणि नीट कागदात गुंडाळून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. कोणी काही बोललं नाही. पास झालेल्या वस्तूबद्दल काय बोलायचं?

पुढचा ब्रेक होता की, उजव्या हाताला. त्याची रबरं लग्नापासूनची होती.

आवारात दोन चकरा झाल्या. सपाट जमीन, पाय घासले की सायकल उभी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भट्टीवाल्याने तर डोळे पुसले. मग सगळ्यांनी सायकल मालाच्या टेम्पोत चढवून वाजतगाजत घरी पोचवली.

सोमवारी सकाळी तपासनीस लेकीला चालवत होता. रोज आठ फेऱ्या व्हायच्या. पण आज इंजिन आहे, आज टेकडी ढकलायची नाही, म्हणून दहा झाल्या. भिंगरी घामेजली होती पण हसत होती. चालताना आता ठीक चालायची. व्हरांडा संपला की मात्र तिचा तोल जायचा, बापाच्या अंगावर धप्प. अकराव्या फेरीला निघाली तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि नको म्हणाला. सात वाजायला पाच कमी होते. एरवी तो साडेसहालाच निघालेला असे.

टेकडी तो कसा चढला म्हणता. सीटवर बसून चढला. बस बंद झाल्यापासून पहिल्यांदा त्याला टेकडीवरची झाडं दिसली, एरवी हँडल आणि स्वतःचे बूट दिसायचे. देवा, काय सुख दिलंस, असं तो मोठ्याने म्हणाला. इंजिनाच्या आवाजात देवाला ते ऐकू गेलं असेल की नाही, सांगता येत नाही.

मग माथा आला. पलीकडे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी कारखान्याचं फाटक.

उतारावर वेग वाढला. तपासनिसाने काय केलं? सायकल शिकल्यापासून त्याच्या हाताने जे केलं होतं तेच केलं. डावा हात आवळला. पण डाव्या हाताला आता ब्रेक नव्हता, क्लच होता. क्लच दाबला की इंजिनाची चाकावरची पकड सुटते. जी काही थोडी अटक होती तीही गेली आणि सायकल मोकळी सुटली. घाबरून त्याने हात आणखी आवळला. ती आणखी मोकळी झाली. तेव्हा उजवा हात आवळला. लग्नातल्या रबरांनी एक बारीक किंकाळी फोडली आणि आपलं कर्तव्य संपवलं.

भट्टीवाला म्हणाला होता ते मात्र खरं झालं. टाइमकीपरला वळणापासूनच कळलं. त्याने खिडकीतून डोकं काढलं, पहारेकऱ्याने फाटक उघडलं, आणि सात सत्तावीसला, साडेसातच्या पूर्ण तीन मिनिटं आधी, तपासनीस फाटकातून आत आला. टाइमकीपरला त्याने मान डोलावून नमस्कारही केला. फक्त थांबला नाही. खिडकीसमोरून गेला, चाळीस माणसांच्या रांगेसमोरून गेला, शेडच्या उघड्या दारातून आत शिरला, भट्ट्यांमधून, स्वतःच्या टेबलाशेजारून, टेबलावरच्या खडूवर नजर टाकत मागच्या दाराने बाहेर पडला. मागे नापास अस्तरांचा ढीग होता. बावीस वर्षं जे जे त्याने लाल पेटीत टाकलं त्यातलं बरंचसं तिथे साचलेलं. त्या ढिगात सायकल रुतली, तो वरून पलीकडे गेला, आणि सगळं थांबलं.

ज्यांना त्याने नापास केलं होतं, त्यांनीच त्याला थांबवलं. असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

हाड मोडलं नाही, ही कृपा. तळहात सोलले, गुडघा फुटला. तो उठला आणि लंगडत पळत खिडकीशी आला. अंगठा लावायच्या यंत्रावर अंगठा टेकवला. त्याच्या रक्ताने यंत्राला अंगठा ओळखता येईना. पुसून परत लावला. सात चौतीस.

टाइमकीपर सज्जन माणूस. पण तो म्हणाला, की मी कोण आलं ते बघत नाही, मी अंगठा बघतो. तिसरा उशीर लागला. तपासनीस तिथेच पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर व्हरांडा होता, आणि त्यात संध्याकाळी पाच वाजता कोणीच नव्हतं.

आता उशिराचा एक फॉर्म असतो. त्यात उशिराचं कारण लिहावं लागतं आणि तो वर मुख्य कचेरीत जातो. टाइमकीपरने प्रामाणिकपणे लिहिलं: ब्रेक नसल्यामुळे.

मॅनेजरसाहेबांनी तो कागद वाचला. परत वाचला. खुर्चीतून उठून दार लावून घेतलं. ब्रेकचा कारखाना, त्यातला ब्रेकचा तपासनीस, ब्रेक नसल्यामुळे कामावर उशिरा. हा कागद मुख्य कचेरीतून गिऱ्हाइकांपर्यंत जायला किती वेळ लागेल? साहेबांनी आधी 'तांत्रिक कारण' असं सुचवलं. टाइमकीपर म्हणाला, वरून विचारतील कुठलं तंत्र. मग 'अतिउत्साहामुळे' असं निघालं. त्यालाही तो नाही म्हणाला. शेवटी साहेब तपासनिसाला म्हणाले, की तू वेळेआधी येऊन मागच्या ढिगाची पाहणी करत होतास असं लिहू या. तसं लिहिलं की उशीरच नाही. तू फक्त मान डोलव.

इतकं सोपं होतं. पोरीचे संध्याकाळचे पाच वाचले असते. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच तपासनिसाची मान हलली नाही. त्याने सोललेले हात टेबलावर ठेवले.

"पाहणी नव्हती, साहेब. मी नापास माल पास लिहीत नाही. सात सत्तावीसला मी फाटकातून आलो, हे चाळीस जणांनी पाहिलंय. थांबून खिडकीशी अंगठा लावला मात्र सात चौतीसला. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा. मग दुसरी पाळी द्यायची तर द्या."

साहेबांनी फॉर्म जवळ ओढला. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"दोन्ही कसं लिहू? यात 'आगमनाची वेळ' असा रकाना आहे. थांबण्याच्या वेळेचा रकाना कुठे आहे, दाखव बरं."

नव्हताच. फॉर्म ज्याने केला त्यालाही वाटलं असेल, थांबतं ते आपोआप. टाइमकीपरने चष्मा लावून पाहिलं, कागद उलटा करून पाहिला, आणि नियमाप्रमाणे हाताने लिहिलं: आगमन, सात सत्तावीस. उशीर खोडला गेला. यंत्र पुसायला फडकं मागवण्यात आलं.

जेवणाच्या सुट्टीत गेजवाला खाली मान घालून आला. हातात ड्रॉवरमधला लिव्हर, कागदासकट. तपासनिसाने इंजिन उतरवून भट्टीवाल्याच्या ताब्यात दिलं, डाव्या हाताला ब्रेक परत लावला, नवी रबरं बसवली, आणि चारला सुटल्यावर पॅडल मारत, टेकडी ढकलत घरी पोचला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

सासूबाई दारातच होत्या. त्यांनी हात पाहिले, गुडघा पाहिला. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य त्यांच्या तोंडी सहज आलं असतं. आलं नाही. पाणी गरम केलं, जखमा धुतल्या, स्वच्छ कापडाच्या पट्ट्या फाडून बांधल्या.

"आई," तो म्हणाला, "इंजिन कुठलं घेऊ?"

"मला त्यातलं काय कळतं? जे थांबव म्हटल्यावर ऐकेल, ते घ्या."

दोन आठवडे भिंगरी पाच वाजताच उठली, म्हणजे बाबा वेळेत निघतील. त्या दोन आठवड्यांत तो एकटा दुकानांतून हिंडला. कागद नाही, तक्ता नाही. प्रत्येक दुकानदार ओढ सांगायला लागला की हा विचारायचा, थांबतं कसं? बरेचसे हसले. एकाने मात्र बॅटरीवरची एक लहान मोटर काढली. तिचे लिव्हर असे होते, की ब्रेकला हात लागला की आधी मोटरच बंद पडते, मग चाक आवळलं जातं. ओढ बेताची. टेकडीवर थोडे पाय मारावे लागतात. त्याने तीच घेतली. मेहुणा आजही सगळ्यांना सांगतो, की बॅटरीचं मीच म्हणत होतो. सांगू दे. कोणाचं तरी ऐकलं गेलं, असं वाटायला हवं ना माणसाला.

पण त्या सोमवारचं एक राहिलं. पाच वाजता व्हरांड्यात बाप-लेक उभे राहिले. त्याच्या हातांना पट्ट्या होत्या, काखेत हात घालवेना. भिंगरी म्हणाली, बाबा, आज नको. सासूबाई स्टूल घेऊन व्हरांड्याच्या टोकाशी बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या,

"चालायचं नाहीच आज. आज नुसतं थांबायचं. तीन पावलं टाक आणि उभी राहा. तोल जाऊ लागला तर बाबाच्या मनगटाला धर."

पहिल्यांदा तिने मनगट धरलं. दुसऱ्यांदा धरलं. कितव्यांदा ते मला ठाऊक नाही, पण एकदा तीन पावलं टाकून ती उभी राहिली, दोन्ही हात मोकळे, आणि कोणालाही न धरता उभीच राहिली. सात महिन्यांत पहिल्यांदा भिंगरी स्वतःच्या पायांवर एका जागी ठरली होती. आजी म्हणाली, हं, आता टाका घालायला हरकत नाही.

झाली गोष्ट. आता घरी निघाल, कोणी चालत, कोणी गाडीने. जाताना त्या तपासनिसाला हसा, माझी ना नाही. पण वाटेत पहिला उतार लागेल तेव्हा त्या शिलाईवाल्या आजीची आठवण काढा, जिने भरल्या खोलीत एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळालं नाही तरी न रागावता सुईत दोरा ओवला.